पोटाचे सहा मार्क

डॉक्टरने सुनेच्या पोटावर उजवीकडे खाली बोटं दाबली आणि एकदम सोडली. दाबताना ती नुसती विव्हळली. सोडल्यावर अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. डॉक्टर मात्र खूश. "ह्याचा एक मार्क," म्हणाला आणि कागदावर लिहिलं.

महाडचा दवाखाना तो. वर्ष आठवत नाही, पण पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी, तिथे तेव्हा फोन नव्हता. अपेंडिक्स आहे का ते ठरवायला डॉक्टर पोटाला मार्क देत होता: दाबल्यावर दुखतं, त्याचे दोन. उलटीचा एक. रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्या, त्याचे दोन. ताप नाही, तिथे भोपळा. मी चौथी पास, बेरीज येते. सहा झाले.

"दहापैकी सात झाले असते तर लगेच अपेंडिक्स काढलं असतं, आजी. सहावर थांबून बघू. उद्या परत तपासतो."

म्हणजे सुनेचं पोट एका मार्काने नापास. आमचे मास्तर असला एखादा मार्क वाढवून द्यायचे. हा शिकलेला, हा कसा देईल?

तरी त्याने पुन्हा विचारलं, "काल जेवलीस का?"

"हो." माझ्याकडे बघून.

"दुखणं पहिल्यापासून इथेच?"

"हो." पुन्हा माझ्याकडे बघून.

सासू समोर असताना सून 'जेवले नाही' म्हणत नाही, घराला कमीपणा येतो. हे वळण मीच लावलेलं. दुसरं असं, की वाडीत कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणायचं आणि तेल लावून ती जागेवर बसवायची. ते काम माझं. मोठं नाव होतं. आदल्या सकाळी तिचं बेंबीपाशी दुखू लागलं, तेव्हा मी तासभर चोळलं. संध्याकाळी बेंबीचं थांबलं आणि उजवीकडे खाली सुरू झालं. बेंबी बसली, असं मी चार घरांत सांगून आले. त्या दिवशी सकाळी अंग तापलं, तर दुकानातली तापाची गोळी दिली. सून मरायला तयार होती, पण सासूची विद्या खोटी पाडायला नाही.

हे सगळं मला सांगता आलं असतं. खोटं कशाला सांगू, मी माझ्या नावाचाच विचार करत होते. मग तिचे ओठ दिसले. पांढरे पडले होते.

"गो, माझ्या तोंडाकडं काय बघतेस? सांग की त्याला!"

शेवटी मीच बोलले. "कालपासून पोटात कण नाय हिच्या. पहिलं बेंबीला दुखत व्हतं, मी चोळलं, मग इकडं आलं. सकाळी ताप व्हता, मी गोळी दिली. आता घाल मार्क."

डॉक्टरने पेन उचललं. "आजी, दुखणं बेंबीपासून इकडे सरकलं, त्याचाच एक मार्क असतो! आधी का नाही सांगितलंत?"

"तू मला कुठं विचारलंस?"

"आणि चोळलंत?"

"तासभर."

त्यावर तो जे बोलला ते इथे लिहीत नाही.

बेंबीचा एक, न जेवल्याचा एक. आठ झाले. तापाचा काही दिला नाही, कंजूष. दुपारीच तिला ऑपरेशनला आत घेतलं. बाहेर येऊन म्हणाला, फुटायच्या बेतात होतं, उद्यापर्यंत थांबलं नसतं.

बेंबी बसवणं मी सोडलं. वाडीतले म्हणाले, म्हातारीच्या हाताचा गुण गेला. गेला असेल. सून जगली.