आज्ज्याचा तोळा

मिशी का काढली म्हणून कुणी विचारलं, की मी सांगतो, उन्हाळा लई हाय. साफ खोटं! खरं काय ते तुम्हाला सांगतो, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. नाकातून यायचा.

आमच्या धावडा गावात युसूफ शिंपी म्हणून माझा लहानपणचा दोस्त हाय. दोघं चौथीत संगंच नापास झालो, तवापासून दोस्ती पक्की. आता मशीन त्याची पोरं चालवतात आन हा घरी बसून अत्तरं मिसळतो. विकत न्हाई हो, नुस्ता शौक! थोडा मोगरा, थोडं चंदन, थोडा खस. ह्या शौकापायी मी त्याला कमी छळलं न्हाई. एकदा कुपीत लसणाचं तेल टाकलं, तर गडी तेच लावून सोयरिकीला गेल्ता! सोयरीक जमली, म्हणून मी वाचलो.

तर ह्या युसूफने मोबाईलवरून एक काटा मागवला. केवढा? तंबाखूच्या डबीएवढा!

"देख रंग्या, थेंब टाकला की वजन सांगतो. बिलकुल बराबर!"

दुसऱ्याचं खेळणं नवं आन आपण नुस्तं बघायचं? माझ्या पोटात दुखणार का न्हाई, तुम्हीच सांगा.

"तपासला का?" मी म्हन्लं.

"कोरा करकरीत हाय. तपासायचा काय?"

"बैल घेताना दात बघतोच की आपण, येड्या!"

पळत घरी गेलो. देव्हाऱ्यात माझ्या आज्ज्याचं पितळी वजन ठेवलेलं, एक तोळ्याचं, निजामाच्या काळातलं. ते आणून काट्यावर ठेवलं. आकडा आला, अकरा पॉइंट सहासष्ट!

"युसूफ, तोळा किती ग्रामचा?"

"धा." शेंबडं पोरगंबी हेच सांगंल.

"मंग वरचे दीड-पावणेदोन ग्राम हा कुठून आणून राह्यला? लबाड हाय तुझा काटा!"

युसूफचं तोंड एवढंसं झालं. नातीच्या निकाहात वाटायचं सगळं अत्तर त्याने ह्याच काट्यावर जमवलं होतं. पण गडी जिद्दी. म्हणाला, "कल जाफराबादला जाऊ. काटा झूटा निघाला तर सगळं अत्तर मोरीत ओततो. आन खरा निघाला तर?"

"तर ही मिशी!" मी पीळ भरला. चाळीस वर्षं तूप लावून वाढवलेली मिशी, महाराज! लिंबू ठेवा, घसरणार न्हाई!

सकाळी जीपमध्ये बसलो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला युसूफ, मधी मांडीवर काटा, जणू आजारी लेकरू दवाखान्यात चाललंय. जीपमधल्या प्रत्येकाला मी पैजेची गोष्ट सांगितली. उतरलो तर चारजण आमच्या मागंच निघाले!

पहिल्या सोनाराकडं वजन ठेवलं. अकरा पॉइंट सहासष्ट.

"बघा, हाबी लबाड!" मी ओरडलो.

दुसऱ्या सोनाराकडं? तेच! किराणावाल्याच्या काट्याला पॉइंटच न्हाईत, त्याच्यावर तर बारा!

आता मला असा काही चेव आला म्हणता! वजन डोक्यावर धरून बाजारात ओरडत सुटलो, "अख्खं जाफराबाद लबाड हाय! एकाबी काट्यात इमान उरलं न्हाई!" मागं वीस-पंचवीस माणसं. किराणावाला पायली घेऊन धावला. ती मोजायला होती का हाणायला, मी इचारलं न्हाई.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात एक म्हातारे सोनारकाका बसलेले होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावून वजन निरखलं.

"नाना, सगळे काटे एकच आकडा सांगून राह्यले. मंग खोटं कोण?"

"सगळे मिळालेले हायेत!"

"काट्याकाट्याचं काय साटंलोटं असतं का हो?" काका हसले. "वजन तुमचं अस्सल हाय. पण जुना तोळा अकरा ग्राम सहासष्टचाच होता. धा ग्रामला तोळा म्हणायची आत्ताची रीत हाय. हिशेबाला सोपं पडतं."

मंग त्यांनी सरकारी शिक्क्याचं धा ग्रामचं वजन काढून युसूफच्या डबीवर ठेवलं. धा पॉइंट शून्य शून्य! केसभर इकडं न्हाई का तिकडं न्हाई.

युसूफने आधी काट्याचा मुका घेतला. मंग माझ्याकडं बघितलं.

"निकाहाचं अत्तर वाचलं, रंग्या. अब तेरी बारी."

न्हाव्याचं दुकान समोरच! नशीब कसं असतं बघा. मी म्हन्लं, गर्दी हाय, उद्या बघू. तर खुर्चीत बसलेला गडी अर्धी दाढी तशीच घेऊन उठला! "या नाना, बसा, तुमचं जल्दीचं काम हाय!"

दोन मिनिटांत चाळीस वर्षं कागदावर पडली. युसूफने कागद उचलला, मिशी झटकून काट्यावर ठेवली. सगळा बाजार वाकला. मीबी वाकलो. आकडा आला, शून्य पॉइंट चार.

अर्धा ग्रामसुद्धा न्हाई?

माझ्या तोंडून निघून गेलंच, "काटा लबाड हाय लेका! माझी मिशी तोळाभर तरी भरंल!"

युसूफ शांतपणे म्हणाला, "कौनसा तोळा, रंग्या? नवा, का तेरे आज्जे का?"