अक्काचा मिठाचा नवस

गेल्या श्रावणात कलबुर्गीहून बसवकल्याणला अक्काकडे गेले होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं चहा आणला तेव्हा हात इतका थरथरत होता की निम्मा चहा बशीत...

चालतानाही भिंतीचा आधार. दोन दिवस उलट्याही होत होत्या म्हणे. घरात सगळ्यांचं एकच, उपासानं अशक्तपणा आलाय.

अक्काला बायपोलर आहे. तिला विचारूनच लिहितेय. कितीतरी वर्षं ती लिथियम कार्बोनेटची गोळी घेते आणि तिचा संसार, शिवणकाम, हसणं-बोलणं सगळं त्या गोळीवर नीट चाललंय.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लिथियमचे क्षार म्हटलं की मुलांना ज्योतीचा तो लालभडक रंग आवडतो, मग मी काच, सिरॅमिक, बॅटऱ्या असं काय काय सांगत सुटते. त्याच क्षारानं माझी बहीण माणसांत आणली, हे मात्र वर्गात अजून सांगितलेलं नाही.

जेवायला बसलो तर अक्काचं ताट वेगळं. वरण अळणी, भाजी अळणी. विचारलं तर म्हणाली, "महिनाभर मीठ सोडलंय गं. लेकीचं पहिलं बाळंतपण हाय, सुखरूप सुटू दे म्हणून बसवण्णाला बोलले."

आमच्याकडे श्रावणात अळणी धरणं काही नवीन नाही. पण मला लगेच तिचा तो चहा सांडणारा हात आठवला. शरीरातलं मीठ कमी झालं की किडनी उरलेलं मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही बाहेर टाकेनाशी होते... रोजचीच गोळी रक्तात साठत जाते आणि तिचं विष होतं.

डॉक्टरांना फोन लावला. गोळी थांबवा, आत्ताच्या आत्ता निघा, म्हणाले. दाजींनी गाडी काढली. रक्तातलं लिथियम भलतंच वाढलेलं निघालं. सलाइन, तपासण्या... आणखी उशीर झाला असता तर काय, हे मी अजूनही मनात येऊ देत नाही.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. डॉक्टरांनी गोळी कमी करून पुन्हा सुरू केली आणि मीठ नेहमीसारखं खायला सांगितलं. पण अक्का मिठाला शिवेना. "नवस मोडला आन् पोरीला काही झालं तर?"

दाजी ओरडले. मी किडनी समजावली, फळ्यावर काढायचीच काय ती बाकी होती. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अक्का पुन्हा अळणी ताट घेऊन बसली आणि नुसती रडत राहिली.

मग तिच्या सासूबाई उठल्या. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. बोलायला फटकळ, आणि खारटाच्या इतक्या शौकीन की बीपीची गोळीसुद्धा लोणच्याबरोबर घेतील. त्यांनी अक्काचं ताट स्वतःकडे ओढलं.

"कामून रडायलीस? नवस घराचा हाय, तुझ्या एकटीचा न्हाई. आजपासून मी मीठ सोडलं. बसवण्णाला काय सांगायचं ते मी सांगते. तू जेव."

अक्कानं दुसरं ताट वाढून घेतलं. मग मीठ घातलेल्या वरणात भाकरी कुस्करली... दाजींनी तोंड फिरवून डोळे पुसले. मीही पुसले, लपवायचं कशाला.

घरात कुणी ही गोळी घेत असेल तर एवढं ध्यानात ठेवा, मीठ-पाणी एकदम तोडू नका. उपास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

श्रावण संपला तरी अव्वांनी मीठ घेतलं नाही. "लेकरू येऊ दे आधी," एवढंच म्हणायच्या. लोणच्याची बरणी समोरून गेली की मान वळवायच्या, आम्ही हसायचो.

भाची सुखरूप बाळंत झाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. मुलगा की मुलगी हे अक्कानं विचारलंच नाही. ती तडक आत गेली आणि अव्वांसाठी मीठ घालून पिठलं टाकलं.

अव्वा, माझी बहीण आज तुमच्यामुळं आहे...