शेवाळाचा लाल रंग

प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाटलीत माझं शेवाळ लाल होत होतं. खाद्य मिळतं तोवर ते उन्हात हिरवंगार वाढतं. खाद्य तोडलं की वाढ थांबवून लाल रंग साठवू लागतं. खाद्य तोडायची वेळ कशी ओळखायची, हे मी तीन वर्षं खपून शोधलं आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी ते एकट्याच्या नावावर छापलं. तेव्हा मी गप्प बसले. बहुधा त्याच दिवशी माझीही वाढ थांबली आणि राग साठू लागला.

काल एका पाहुण्या शास्त्रज्ञांनी सरांना विचारलं, "ती वेळ तुम्ही कशी ओळखता?"

सर माझ्याकडे वळले. "सांग ना, मीनल."

"शोध तुमचा आहे, सर. तुम्हीच सांगा."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला त्यांची दया आली असती, तर मी बोलले असते.