वाढत्या अंगाची होडी

आमच्या घरात मापाची वस्तू कधी आली नाही. मुलीचा शाळेचा फ्रॉक पहिलीत घेतला तो तिसरीपर्यंत चालला, आणि पहिली दोन वर्षं ती त्यात शोधावी लागायची. बूट घेतले की पुढे कापूस भरायचा. शनिवार पेठेत बायकोचा ठरलेला शिंपी होता. माप देऊन झालं की ती न चुकता सांगायची, "वाढतं अंग आहे, आत माया ठेवा." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. "वहिनी, एवढी माया ठेवली तर बाहेर फ्रॉक उरायचा नाही," असं शिंपी म्हणायचा, आणि मुकाट्याने ठेवायचा.

ही मुलगी नवव्या वर्षापासून खडकवासल्याच्या धरणात शिडाची होडी चालवते. कोथरूडमध्ये मुलींना नाच नाहीतर गणिताचा क्लास लावतात. सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "मुलीला वाऱ्यावर सोडलंत म्हणे?" मी म्हटलं, "हो, पण लाइफ जॅकेट घालून." त्यानंतर त्यांनी जिन्यात थांबणं सोडलं.

लहान मुलांच्या होडीचं नाक चपटं असतं आणि ती पाण्यातून घंगाळासारखी चालते. पंधरा वर्षं झाली की त्या होडीतून शर्यतीत उतरता येत नाही. मुलीला चौदा पूर्ण झाली तेव्हा पुढची होडी बघायची वेळ आली. एकटीने चालवायची, आधीपेक्षा वेगाची, आणि तिच्यासारख्या काडीला झेपेल अशी. शिडाच्या होडीत वजन फार महत्त्वाचं. वाऱ्याने होडी कलायला लागली की काठावर बसून, अंग बाहेर टाकून ती सरळ ठेवायची असते. अंगात वजनच नसेल तर टाकणार काय?

समोर दोन होड्या होत्या. एक लेझर, जी सगळेच घेतात. एकाच होडीला लहान, मध्यम, मोठं अशी तीन शिडं लागतात. मूल वाढेल तसं शीड बदलायचं, होडी तीच. म्हणजे ती जन्मतःच वाढत्या अंगाची. पण तिचं धूड जड, आणि सगळ्यात लहान शिडालासुद्धा आमच्या मुलीपेक्षा बरंच भरलेलं माणूस हवं. दुसरी होती हडपसरच्या एका आयटीतल्या तरुणाची. नव्या पद्धतीची, लेझरच्या निम्म्या वजनाची, छोट्या शिडाची. त्याने स्वतःच्या बायकोसाठी आणली होती, आणली तेव्हा तिला पाण्याची भीती वाटते असं निष्पन्न झालं. माणूस सरळ होता. म्हणाला, "सर, लाइट वेट सेलरला ही परफेक्ट आहे. पण ऑनेस्टली सांगतो, दोन वर्षांत ती आउटग्रो करेल." मी आयुष्यभर कारखान्यासाठी यंत्रं निवडत आलो आहे. दोन वर्षांत बाद होणारं यंत्र मी दारात उभं केलं नसतं, म्हणून माझं मन लेझरवर बसलं.

त्याच वर्षी बायकोला कॅन्सर निघाला. पोटाचा होता आणि उशिरा कळला होता. मग आमच्या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. होडी शिकवणारे सर मुलीला सांगायचे वजन वाढव, आणि डॉक्टर बायकोला तेच सांगायचे. मी डिंकाचे लाडू आणायचो, शिकरण करायचो, दोघींच्या भातावर तूप ओतायचो. मुलगी सगळं फस्त करायची आणि ते कुठे जायचं देव जाणे. बायको दोन घास खाऊन ताट सरकवायची. एका सकाळी दोघी एकामागून एक काट्यावर उभ्या राहिल्या, तर काटा एकाच आकड्यावर थांबला. मुलगी हसून म्हणाली, "आई, आपण दोघी आता एकाच होडीच्या झालो." बायकोही हसली. मी दूध उतू जातंय असं सांगून आत गेलो. गॅसवर दूध नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी दोन्ही होड्या चालवून बघायच्या ठरल्या. बायको हट्टाने बरोबर आली आणि धरणाच्या काठावर गाडीतच बसून राहिली. दुपारी पश्चिमेचा वारा भरला. मुलगी आधी लेझर घेऊन गेली. उलटली. सरळ केली, पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा ती आडव्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या पाटीवर उभी राहून लोंबकळली, पण होडी सरळ होईना. आडव्या पडलेल्या कपाटावर मांजर चढावं तसं ते दिसत होतं. शेवटी सर मोटारबोट घेऊन गेले. मग थोड्या वेळाने ती दुसरी होडी घेऊन गेली. ती होडी काही अंतर पाण्यातून चालली, आणि मग उचलल्यासारखी वर आली आणि पाण्यावरून घसरतच सुटली. मुलीने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परत आल्यावर ती गाडीमागच्या नळावर पाय धुवायला गेली. मी गाडीत बसलो आणि बायकोला म्हणालो, "लेझरच घेऊ. वर्षभर बुडेल, नाकातोंडात पाणी जाईल, मग वजन येईल. तुझ्याच शब्दांत सांगायचं तर वाढतं अंग आहे."

मला वाटलं, ती लगेच मान हलवेल.

"नको," ती म्हणाली. "या वेळी मापाची घ्या. आत्ता बसतेय ती."

"दोन वर्षांत विकावी लागेल."

"विका मग."

"हे तुझ्या तोंडून ऐकायला शिंप्याला बरोबर आणायला हवं होतं."

ती हसली नाही. समोर पाण्याकडे बघत म्हणाली, "अहो, मला ती होडीत नीट बसलेली बघायचीय. वाढल्यावरचं तुम्ही बघा."

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन जे सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरज नव्हती. जिने मुलीच्या प्रत्येक कपड्यात पुढच्या वर्षांची सोय करून ठेवली, ती आता पुढचं काहीच मागत नव्हती. मला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मी गाडीची काच वर करायला गेलो, पण तिला गार वारा हवा होता म्हणून ती तशीच खाली राहू दिली.

होडी घेतली. मे महिन्यात बायको चार-पाच वेळा आली. झाडाखाली खुर्ची टाकून, पाठीला उशी लावून बसायची. होडी पाण्यावर उचलली गेली की माझा हात धरायची आणि सोडायची विसरायची. एकदा म्हणाली, "बघा, कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही." त्या दिवशी तिने कांदाभजीही खाल्ली. पुढे गाडीत बसणं जमेना, मग खुर्चीत बसणं जमेना. दिवाळीच्या आधी ती गेली. मला तिची रोज आठवण येते, आणि ती विशेष कशाने येते असंही नाही.

अकरावीत मुलगी वाढली. नुसती उंच नाही, खांद्याने, हाडाने भरली. आईचे कपडे तिला होईनासे झाले. होडीत गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडायला लागला, आणि वारा असूनही होडी उचलली जाईना. हडपसरच्या माणसाने सांगितलं होतं तसंच झालं. यंदा तिच्यासाठी लेझर बघितली, आणि जुनी विकायला काढली.

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन काठावर आल्या. मुलगी तेरा-चौदाची, आमची होती तशीच काडी. लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून ओढून संपले होते. ती होडीत बसली, होडीच्या कडेला सरकली, आणि तिथून उठेचना. बाईंनी होडीला एक फेरी मारली आणि मला म्हणाल्या, "छान आहे हो, पण हिचं वाढतं अंग. थोडी मोठी बघितली तर पुढे पुरेल ना?"

मी घसा साफ केला. वजन, वारा, शीड हे सगळं माझं पाठ होतं. पण आमची मुलगी दोरी गुंडाळत होती ती मध्येच थांबली.

"काकू, आत्ता तिला बसतेय ना? मग हीच घ्या," ती म्हणाली. "पुढचं पुढे कोणीतरी बघेल. तुम्ही बघायला मात्र या. माझी आई यायची."

बाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि घेते म्हणाल्या.

गाडीत बायको काय बोलली ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, मुलीला तर नाहीच. पण त्या दिवशी काच खाली होती आणि नळ गाडीच्या मागेच होता. म्हणजे तो सगळा मे महिना तिला माहीत होतं. काठाकडे एकदाही न बघता ती आईसाठी होडी चालवत होती.