कुरडयांभोवतीच्या फेऱ्या

मागच्या वर्षी एका अर्धमॅरेथॉनमध्ये मी शेवटच्या टप्प्यात चक्कर येऊन पडलो. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सत्तरीच्या एका काकांनी मला गाठून मागे टाकलं आणि माझं डोकं फिरलं. हवा अशी दमट की अंगावरचा घाम वाळायचं नाव घेईना, छातीचा नुसता भाता झालेला, तरी मी काकांच्या मागे सुटलो. काका शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले. मी दवाखान्यात पोहोचलो.

तिथे आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की तिच्या नजरेआड पळायचं नाही. मी चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, गोडदेव भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनही मला सर म्हणतो. पण आईच्या डोक्यावर हात ठेवला की सगळे सारखेच. बायकोने तर आनंदाने साक्ष दिली. अख्खा हिवाळा मी नुसता चालत राहिलो आणि पळणारी माणसं दिसली की तोंड फिरवत राहिलो. पावसाळ्यातली तीच स्पर्धा पुन्हा येणार होती आणि ती मला पळून पूर्ण करायचीच होती.

उन्हाळा लागला, आईने गच्चीवर कुरडया घालायला घेतल्या आणि मला त्या शपथेत फट सापडली. नजरेआड नाही ना? मग नजरेसमोर! आई कावळे हाकलत बसणार, मी तिच्याभोवती पळणार. दमट उन्हाची अंगाला सवय करायला याहून झकास जागा कुठली? या शोधाने मी इतका हुरळून गेलो की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

गच्चीवर जाऊन आईला हा बेत सांगितला. "पळ," म्हणाली, "पण त्या शर्यतीत नाव भरायचं का नाही, ते कुरडया सरल्यावर मी सांगन."

तर असा माझा सराव सुरू झाला. मधोमध जुन्या साडीवर आईच्या कुरडया, चार कोपऱ्यांना विटा. शेजारी, समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती काकूंचे तांदळाचे खिचिया पापड. पाण्याच्या टाकीच्या सावलीत छत्री घेऊन बसलेली आई. आणि या सगळ्याला प्रदक्षिणा घालणारा मी, हातात कावळ्यांसाठी काठी. काठी आईने दिलेली. नुसतं रिकामं पळणं तिला बघवत नव्हतं.

आई मराठवाड्यातली. तिकडे सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कडकडीत वाळते म्हणे. इथे खाडीवरून येणारी चिकट हवा, त्यामुळे कुरडई तीन-तीन दिवस लोळत पडते. "हे काय ऊन हाय? वाफारा हाय नुसता," ती आभाळाकडे बघून भांडायची. मी म्हणायचो, "आई, माझंही तेच दुखणं आहे. घाम वाळला तर अंग थंड होणार ना!" त्यावर ती कुरडई चाचपायची, मग माझा दंड चाचपायची आणि म्हणायची, "दोघं बी ओलेच."

मला अशी मजा येत होती की काय सांगू! पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत जीभ बाहेर यायची. मग मी वेग उतरवायला शिकलो, आईने तांब्यात कालवलेलं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट प्यायला शिकलो आणि हळूहळू अंग त्या उकाड्याला सरावलं. महिन्याभरात मी पळता पळता गाणं म्हणायला लागलो. गाणं बेसूर होतं, पण कावळ्यांवर काठीपेक्षा जास्त लागू पडलं. काकू मात्र दर फेरीला ओरडायच्या, "अरे भाई, मेरे खिचिये पे पसीना मत गिराना!"

शेवटच्या घाण्याचा रविवार उजाडला. वारा ठप्प, वर विरळ ढगांचं झाकण, खाली तापलेली गच्ची. बिल्डिंगमधल्या पाच-सहा बायका मदतीला वर आलेल्या. आज आई निकाल देणार, म्हणून मी नुसता उधळलो. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, काकू पापड विसरून "और एक चक्कर, भाई!" करायला लागल्या आणि मी हवेत तरंगत होतो. खरंच तरंगत होतो. मग लक्षात आलं, एवढ्या उकाड्यात माझ्या अंगावर काटा आलाय. डोकं कापसासारखं हलकं झालंय. मागच्या वर्षी काकांच्या मागे सुटलो तेव्हाही अगदी असंच वाटलं होतं.

समोर टाळ्या चालू होत्या. मी थांबलो. टाकीच्या सावलीत जाऊन फतकल मारून बसलो आणि साध्या पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला.

"बस? खतम?" काकूंचा चेहरा पडला. माझा त्याहून जास्त. महिनाभर पळून ऐन निकालाच्या दिवशी मी पाणी ओतून घेत बसलो होतो. झालं, गेली स्पर्धा, असं मी मनाशी म्हटलं आणि भयंकर वाईट वाटलं.

आई छत्री मिटून जवळ आली. मानेला हात लावून पाहिला. "का थांबलास?"

"अंगावर काटा आला."

"मी थांब म्हणले होते का?"

"नाही."

ती माझ्या शेजारी फरशीवर टेकली. "दवाखान्यात बेसुद पडला होतास तवा तुझे पाय हालत होते," ती म्हणाली. "पलंगावर पडल्या पडल्या बी पळूच लागला होतास. नर्सबाईनं अन् मी धरून ठिवले. तवापासून डोळा लागला की तेच दिसतंय मला." मग म्हणाली, "आज आपल्या आपण बसलास. भर जा नाव."

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी हसायला लागलो, मग रडायला लागलो, मग दोन्ही एकदम. काकूंना वाटलं ऊन लागलं. त्यांनी आणखी एक तांब्या माझ्या डोक्यावर रिकामा केला. अंग हळूहळू निवलं, काटा गेला. बाजूला पाहिलं, तर आई टाकीला टेकून चक्क झोपली होती. महिनाभर तिने माझ्यावरची नजर हटवली नव्हती. मी फोन उघडला, तर ओल्या बोटांना तो दाद देईना. शेवटी तिला जाग येणार नाही अशा बेताने तिच्या पदराला बोट पुसलं आणि नाव भरलं.