टिपणीसकाकांच्या अकरा वह्या

निशिकांत सबनीसला आपल्या सर्व्हरचा अभिमान होता, आणि तो लपवण्याचा त्यानं कधी प्रयत्नही केला नाही. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्याच्या फ्लॅटवर कुणी चहाला आलं, की कप रिकामा व्हायच्या आत विषय सर्व्हरवर यायचाच. दिवसा तो शहरातल्या एका बँकेच्या आयटी विभागात काम करायचा. पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर, आलेल्या इतरांसारखाच तोही एक. तिथं त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं आणि डोक्यावर मात्र पाच-सहा जण होते. सर्व्हरवर तो एकटा राजा होता.

आता हा सर्व्हर काही घरात ठेवलेला नव्हता. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या मोठ्या यंत्राचा लहानसा हिस्सा त्यानं भाड्यानं घेतला होता. जागा त्यांची, वीज त्यांची. आतली मांडामांड, साफसफाई, कुलूपकिल्ली सगळी याची. थोडे पैसे जास्त द्या, आम्हीच सगळं बघतो, असं कंपनीनं सुचवलं तेव्हा निशिकांतनं नाक मुरडलं होतं. "मला काय हात नाहीत?" असं तो बायकोला, मीनलला, म्हणाला होता. त्या हिश्श्यावर त्यानं ओळखीपाळखीच्या लोकांच्या वेबसाइटी थाटल्या होत्या. 'स्नेहमेळा' या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाची, टॅम्पिनीसला तबला शिकवणाऱ्या अश्विनची, डबे पुरवणाऱ्या नीताताईंची, अशा सात-आठ. मोबदला तो कुणाकडूनच घेत नसे. चार लोकांत कुणीतरी म्हणावं, "हे सगळं निशिकांत बघतो बरं का," एवढीच त्याची अपेक्षा. अपेक्षा साधीच होती, पण याच अपेक्षेपायी भली माणसं कशी वाया जातात ते मी पाहिलेलं आहे.

या वेबसाइटींतली एक प्रबोध टिपणीसांची होती. टिपणीसकाका १९७३ साली सेम्बावांगच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि तीस वर्षं जहाजांच्या दुरुस्तीची ड्रॉइंग्ज काढत राहिले. कामावरून आल्यावर रोज चार-पाच ओळी लिहायचा त्यांचा नेम होता. कुठलं जहाज लागलं, कुणाचा हात भाजला, रत्नागिरीच्या फिटरनं मलय क्रेनवाल्याला चकल्या कशा खिलवल्या, कोण कुठल्या गावचा, कोण कधी वारला. त्या लोकांची नावं दुसरीकडे कुठंच लिहिलेली नव्हती. अशा अकरा वह्या भरल्या.

वेबसाइटीचं खूळ निशिकांतनंच त्यांच्या डोक्यात भरवलं. एकाहत्तराव्या वर्षी काका देवनागरी टाइप करायला शिकले आणि दोन वर्षं खपून त्यांनी अकराच्या अकरा वह्या एका बोटानं सर्व्हरवर चढवल्या. एकदा त्यांनी एका वेल्डरचं चुकलेलं नाव तसंच ठेवून त्यावर आडवी रेघ मारलेली आणि शेजारी बरोबर नाव लिहिलेलं निशिकांतला दिसलं.

"काका, इथं खोडायचं नसतं. सरळ पुसून टाकायचं. कुणाला कळतसुद्धा नाही."

"आमच्या ड्रॉइंग ऑफिसात रबराला बंदी होती," काका म्हणाले. "चूक झाली की एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. गुपचूप पुसलं, तर जहाजाखाली उभ्या असलेल्या माणसाला कसं कळणार, काय बदललंय ते?"

निशिकांत हसला होता. म्हाताऱ्या माणसांच्या अशा गोष्टींना आपण हसतो तसा.

पुढं काका-काकूंनी सेम्बावांगचा मोठा फ्लॅट विकला आणि सेंगकांगला मुलाजवळ लहान घर घेतलं. सामान कमी करताना काकांनी फोन केला. "वह्या ठेवू का रे? कपाटात जागा नाहीये."

"काढून टाका बिनधास्त," निशिकांत म्हणाला. "कागदाला वाळवी लागते काका. सर्व्हरवर रोज पहाटे आपोआप दुसरी प्रत निघते. आता ते माझ्याकडे आहे, तुम्ही निर्धास्त राहा."

दुसऱ्या दिवशी खाली कारंग गुनी, म्हणजे इथला रद्दीवाला, हॉर्न वाजवत आला. काकांनी अकरा वह्या जुन्या वर्तमानपत्रांबरोबर त्याच्या गाड्यावर ठेवल्या.

आता मंडळाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून घडलं. 'स्नेहमेळ्या'त दर वर्षी नवी कमिटी यायची आणि पहिल्या सभेत ठराव करायची, की वेबसाइट नवी हवी. जुन्या कमिटीच्या वेबसाइटीवर आपले फोटो लावणं म्हणजे दुसरीच्या घरात आपलं हळदीकुंकू केल्यासारखं त्यांना वाटायचं. त्यामुळे सर्व्हरवर २००४ची एक, २००५ची एक, अशा मंडळाच्या वेबसाइटी एकावर एक रचलेल्या होत्या. काकांचं लिखाण सुरू झालं ते २००४च्या वेबसाइटीवरच्या 'आमचे ज्येष्ठ' या कोपऱ्यात. नंतर निशिकांतनं त्यांना स्वतंत्र पत्ता दिला, पण दारावरची पाटी तेवढी बदलली. लिखाण २००४च्याच डेटाबेसमध्ये राहिलं. "हलवू सावकाश," असं तो मनाशी म्हणाला आणि विसरला.

१२ सप्टेंबर २००७, बुधवार. शनिवारी गणपती बसणार होते. दुपारी निशिकांत ऑफिसात जेवायला उठणार तेवढ्यात नव्या कमिटीच्या सेक्रेटरीचा, राधिकाचा, फोन आला. वेबसाइट बंद पडली होती आणि महाप्रसादाची नावनोंदणी अडकली होती. निशिकांतनं सर्व्हर उघडला. डिस्क काठोकाठ भरलेली. कमिटीनं सजावटीचे आणि तालमींचे शेकडो फोटो चढवले होते, तेही जसे कॅमेऱ्यातून निघाले तसेच.

जागा करणं भाग होतं. सगळ्यात जास्त जागा रोज पहाटेच्या त्या प्रतींनी खाल्ली होती. त्याही त्याच डिस्कवर होत्या. दुसरीकडे ठेवायला हव्या हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्यानं त्या सगळ्या उडवल्या. गणपतीनंतर पुन्हा काढू, म्हणाला. तरी पुरेना. मग त्याची नजर २००४च्या कमिटीच्या वेबसाइटीवर गेली.

हे पुढचं त्यानं कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही. २००४चे अध्यक्ष प्रतापराव खानविलकर. त्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांनी आभार मानले होते ते मखरवाल्याचे, माइकवाल्याचे, मोदक करणाऱ्या नऊ बायकांचे नावानिशी, आणि हॉलच्या वॉचमनचेसुद्धा. वेबसाइट करणाऱ्याचं नाव नव्हतं. ही गोष्ट निशिकांतच्या मनात तीन वर्षं सलत होती. वेबसाइट, डेटाबेस, सगळं पुसायची आज्ञा त्यानं टाइप केली, आत आणखी काय आहे ते पाहिलं नाही, आणि एंटर दाबला. दाबताना त्याला बरं वाटलं. चांगलं गार गार बरं वाटलं.

दहा मिनिटांत मंडळाची वेबसाइट चालू झाली. राधिकानं फोनवर तोंड भरून कौतुक केलं. निशिकांत खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर गेला आणि नारळाच्या दुधातला भात, नासी लेमाक, चवीनं जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "माझं पान उघडत नाही रे. मीच काही चुकीचं दाबलं का?"

निशिकांतला तो २००४चा कोपरा आठवला. बघतो म्हणाला आणि कामाला लागला. कंपनीला लिहिलं, त्यांचं नम्र उत्तर आलं, की सर्व्हर आपण स्वतः सांभाळता, तेव्हा प्रतीही आपणच ठेवायच्या आहेत. गूगलकडे जुनं पान सापडेल म्हणून शोधलं, तर सर्व्हरवर ताण नको म्हणून गूगलला दारातच थांबवणारी सूचना त्यानं स्वतःच लावून ठेवलेली. दुपारपर्यंत त्याला पुरतं कळून चुकलं. तीस वर्षं आणि अकरा वह्या गेल्या होत्या.

त्यानं काकांना फोन लावला तेव्हा खरं सांगायचंच असं ठरवलं होतं. काकांचा आवाज ऐकला आणि भलतंच तोंडातून निघालं.

"काका, अमेरिकेतल्या कंपनीची डिस्क जळाली. तुमचं लिखाण नेमकं त्या भागात होतं. सगळं गेलं."

 काकांनी विचारलं, "तुझंही काही गेलं का रे त्यात?"

"थोडंसं," निशिकांत म्हणाला.

"अरेरे. वाईट वाटून घेऊ नकोस हं. एवढा जीव लावून सांभाळलंस तू."

फोन ठेवल्यावर तो ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसला. संध्याकाळी त्यानं मीनलला सगळं सांगितलं, स्मरणिकेची गोष्ट तेवढी वगळून. तिनं एवढंच विचारलं, "आणि काकांना काय सांगितलंस?" त्यानं तेही सांगितलं. मीनल उठून स्वयंपाकघरात गेली आणि गॅसजवळ नुसती उभी राहिली.

खोटं एकदा बाहेर पडलं की त्याला पाय फुटतात. रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात राधिकानं माइकवरून जाहीर केलं, की अमेरिकेत एवढं मोठं संकट येऊनही निशिकांतनं मंडळाची वेबसाइट वाचवली, म्हणून कमिटी त्याचा सत्कार करते आहे. शाल आणि नारळ द्यायला मंचावर बोलावलं सभासदांतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला. टिपणीसकाका काठी टेकत आले. त्यांनी शाल नीट दोन्ही खांद्यांवर बसवली, एका बाजूनं घसरली ती पुन्हा सारखी केली आणि पाठीवर थाप मारली. टाळ्या वाजत होत्या. कितीतरी वर्षांपासून हव्या होत्या त्याच टाळ्या. निशिकांतला वाटलं, अंगावरची कातडी सोलून द्यावी पण ही शाल नको. तिसऱ्या रांगेत मीनल मांडीवर हात ठेवून बसली होती.

त्यानंतर तो काकांना चुकवायला लागला. त्यांच्या ब्लॉकवरून जावं लागू नये म्हणून एलआरटीनं, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेनं, एक स्टेशन पुढं उतरून मागं चालत यायचा. एकदा सुपरमार्केटमध्ये काकूंची पाठ दिसली, तर हातातली टोपली तिथंच ठेवून बाहेर पडला. शाल मीनलनं कपाटात ठेवली नाही. ती सोफ्याच्या पाठीवर तशीच पडून होती आणि घडी करून आत ठेवायची निशिकांतची छाती नव्हती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बेल वाजली. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीनं, गार्गीनं, दार उघडलं आणि ओरडली, "पपा! प्रबोध आजोबा इज हिअर लाह!"

काका आत आले, सोफ्यावर शालीशेजारीच बसले आणि पिशवीतून एक नवी कोरी वही काढली.

"पुन्हा सुरुवात केली," ते म्हणाले. "पण नावं आठवत नाहीत रे. त्या चकल्यांवाल्याचं आडनाव काही केल्या येईना. काकूही विचार करून थकली. जेवढं येतं तेवढं लिहिलंय, चाळीसएक पानं. ही तुझ्याकडे ठेव, सवडीनं चढव. आता मी कुठं टाइप करत बसू?"

निशिकांतनं वही उघडली. पहिल्या पानावर, ड्राफ्ट्समनच्या त्या सरळ, देखण्या अक्षरात, एकच परिच्छेद होता. 'आधीचे लिखाण परदेशातील दुर्घटनेत नष्ट झाले. ते निशिकांत सबनीस यांनी जिवापाड जपले होते. त्यांचे आभार मानावे तितके थोडे.'

त्याचं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट, शाईनं लिहिलेलं.

"काका," तो म्हणाला आणि वही तशीच उघडी टेबलावर ठेवली. पुन्हा म्हणाला, "काका, डिस्क जळाली नव्हती. मी पुसलं." मग त्यानं सगळं सांगितलं. डिस्क भरली ते, प्रती उडवल्या ते, आत न बघता पुसलं ते. स्मरणिकेत आपलं नाव नव्हतं ते, आणि एंटर दाबताना बरं वाटलं होतं तेसुद्धा. मीनल दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही ते नवंच होतं.

 काकांचा चेहरा एकदम थकला. त्यांनी खिशातलं पेन काढून निशिकांतपुढं धरलं.

"रेघ मार."

निशिकांतनं परिच्छेदावर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

"खालचं वाचता येतंय?"

"येतंय."

"मग शेजारी बरोबर काय ते लिही."

त्यानं समासात लिहिलं, 'हे लिखाण निशिकांत सबनीसने स्वतः पुसले.' खाली सही केली आणि थांबला. "तारीख आजची घालू?"

"पुसलंस त्या दिवशीची."

त्यानं १२ सप्टेंबर २००७ लिहिलं.

"आता मला फोन केलास त्या दिवशीची."

निशिकांतनं मान वर केली नाही. खाली १३ सप्टेंबर लिहिलं. काकांनी वही जवळ ओढली, दोन्ही तारखा वाचल्या, शाई वाळेपर्यंत तशीच उघडी धरून बसले. मग मिटली. मीनलनं चहा टाकू का विचारलं, तर नको म्हणाले. ठेवायला आणलेली वही त्यांनी परत पिशवीत घातली आणि काठी टेकत लिफ्टकडे गेले.