नऊ नंबरचं कुलूप

मंगळवार, सकाळचे साडेदहा. हैदराबादेत कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीतला एक बिस्किटांचा कारखाना. पीठ मळायचा मोठा मिक्सर दुरुस्तीसाठी उघडलेला, आणि त्याच्यासमोर मी, वही घेऊन.

आता तुमच्यापासून काय लपवू? तेहतीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांना उलटे प्रश्न विचारले, साहेबांच्या केबिनमधून दोनदा बाहेर काढला गेलो, पण अब्रू शाबूत राहिली. ती गेली एका बोटभर चावीपायी. हसा खुशाल, पण जरा जपून हसा. या किश्श्यात एका माणसाची नोकरी अडकली आहे, आणि तो माणूस मी नाही.

मी गेलो होतो भांडायलाच. मला एक निनावी पत्र आलं होतं, की या कारखान्यात दुरुस्ती कामगारांचं प्रशिक्षण फक्त रजिस्टरवर होतं. सह्या घेतात, शिकवत कोणी नाही. असलं पत्र आलं की माझं रक्त तापतं. बायको म्हणते, तुमचं रक्त कशानंही तापतं. असो.

आत जाऊन बघतो तर पत्र चक्क खोटं. मल्लेशम नावाचा एक जुना फोरमन, दुरुस्ती खात्याचा मुख्य, पत्र्याच्या खोलीत आठ जणांना शिकवत होता. पेचकसाचं टोक मोटारीवर आणि मूठ कानाला लावून आतला आवाज कसा ऐकायचा, वापरलेलं तेल दोन बोटांत चोळून आत काय झिजतंय ते कसं ओळखायचं. शिकवत होता तेलुगू आणि दखनीची खिचडी करून, पण असा, की मलाही कळलं.

तरी माझा संशय काही जाईना. मी म्हटलं, खोलीत सगळे पोपट बोलतात, प्रत्यक्ष काम दाखवा.

मल्लेशम शांतपणे मला मिक्सरकडे घेऊन गेला. दोन फिटर आत हात घालून सील बदलत होते. पिवळी रेघ ओलांडण्याआधी त्यानं मला थांबवलं. मेन स्विच बंद करून त्याला एक लोखंडी चिमटा लावला होता आणि त्यात तीन लाल कुलपं लटकत होती, दोन फिटरांची आणि एक त्याचं. यंत्राजवळ जाणाऱ्या प्रत्येकानं आपलं कुलूप लावायचं. सगळी निघाल्याशिवाय स्विच चालू होत नाही. त्यानं मला नऊ नंबरचं कुलूप दिलं, एका कार्डावर माझं नाव लिहून त्याला अडकवलं आणि चावी माझ्या हातात ठेवली.

"साब, चावी आपकेच जेब में रखना. मैं मांगा तो बी नक्को देव. जिसका ताला, वोच खोलना."

मी जरा छद्मी हसलो. विचारलं, एवढं नाटक कशाला?

तो म्हणाला, "बटन दबानेवाला खराब आदमी नै रहता साब. जल्दी में रहता."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ मात्र डोक्यात शिरला नाही. मी कुलूप लावलं, आत डोकावलो, चार प्रश्न विचारले, आणि तेवढ्यात मॅनेजर आला.

मॅनेजर पुण्याहून आलेला, तरुण, इस्त्रीचा. मी मराठी म्हटल्यावर आधी खूष झाला, वहीकडे लक्ष गेल्यावर खूष राहिला नाही. प्रेसला आत कोणी सोडलं, परवानगी कुठंय, फोटो काढले का, अशी सरबत्ती सुरू केली. मला तर हेच हवं होतं. मीही आवाज चढवला, लपवण्यासारखं काहीतरी असणारच, हे सुनावलं आणि पाय आपटत निघालो. मागून मल्लेशम काहीतरी ओरडत होता. मला वाटलं, मॅनेजरच्या वतीनं माफी मागतोय. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

फाटकावर पाहुण्यांचं रजिस्टर असतं. येताना वेळ आणि फोन नंबर लिहून सही करायची, जाताना पुन्हा सही. वॉचमन मागच्या फाटकावर ट्रक आत घ्यायला गेला होता. रागावलेला माणूस सही करायला थांबतो का? मी तसाच बाहेर.

समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. दीडच्या सुमाराला फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. मी ओळखलं, हा दबाव. उचलला नाही. पुन्हा वाजला, दुसऱ्या नंबरावरून. मग तिसऱ्या. मी आवाज बंद केला आणि नांदेडच्या माझ्या संपादकाला कळवलं की बातमी दाबायचा प्रयत्न होतोय. तो माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा. त्याला इतका आनंद झाला की त्यानं मला 'सर' म्हटलं.

तेवढ्यात माल न्यायला आलेला एक ट्रकवाला बाहेर आला, वैतागलेला. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, मशीन बंद आहे, माल नाही. सगळे स्विचसमोर उभे राहून बघताहेत, हात कोणी लावत नाही. आणि कोणातरी माणसाला शोधताहेत, तो सापडत नाही.

आता सांगा, माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे?

नल्लकुंट्याला घरी येऊन एका बैठकीत बातमी लिहिली. एक साधा स्विच कोणाला चालू करता येईना, हे प्रशिक्षण. मळलेलं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं, हे नुकसान. पीठ मी पाहिलं नव्हतं, पण फुगलं असणार. आणि ज्याला शोधताहेत तो स्विच सांभाळणाराच असणार, असं धरून मथळा दिला, 'जबाबदार माणूस दिवसभर बेपत्ता'. साडेतीनला बातमी वेबसाइटवर लागली. मी शर्ट काढला, खिसा टेबलावर रिकामा केला आणि बायकोला मथळा वाचून दाखवला.

तिचं लक्ष टेबलावर. "अहो, ही चावी कसली?"

"कुठली?"

"ही. लाल बिल्ला आहे, नऊ नंबर लिहिलंय. आपल्याकडं तर असलं कुलूप नाही."

मी चावीकडे पाहिलं. चावीनं माझ्याकडे पाहिलं असावं. माणसाची चूक उघडी पडते तो क्षण तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांबद्दल लिहीत आलो होतो.

फोन पाहिला. एकवीस मिस्ड कॉल. शेवटच्या नंबरावर लावला. मल्लेशमनंच उचलला. ओरडला नाही, रागावला नाही. आधी विचारलं, "साब, आप अच्छे हैं ना?" आणि मग, "आपका ताला लटकरा. कब आते?"

ऑटोत तासभर बसलो. रस्त्यात तो तास मी कसा काढला ते विचारू नका.

तिथं काय झालं होतं ते मला फिटरांनी सांगितलं. त्यांचं काम एकला संपलं, तिन्ही कुलपं निघाली, माझं राहिलं. मल्लेशमनं रजिस्टर पाहिलं. माझी आत आल्याची सही होती, बाहेर गेल्याची नव्हती. पाय आपटत निघालेला मी सगळ्यांना दिसलो होतो, फाटकाबाहेर पडताना मात्र कोणीच पाहिलं नव्हतं. फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. म्हणजे हिशेब सरळ होता, माणूस आत कुठंतरी पडलाय. मग सगळ्यांनी मला शोधलं. पिठाच्या गोदामात, गच्चीवर, संडासात, पाण्याच्या टाकीत काठी घालून. माझ्या नावानं हाका मारत कारखाना फिरले, फोनची रिंग कुठून ऐकू येतेय का ते कान देऊन ऐकत. आणि मी टपरीवर दुसरा चहा मागवत होतो.

मॅनेजरनं दोन वाजता हुकूम सोडला, कटर आणा, कुलूप तोडा. मल्लेशम म्हणाला, माणूस सुखरूप बाहेर आहे हे कळल्याशिवाय नाही तोडणार. मग स्टूल घेऊन स्विचसमोर बसला. मी पोचलो तेव्हाही तिथंच होता.

मी कुलूप काढलं. मिक्सर सुरू झाला. फिटर माझ्याकडे न बघता कामाला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की चूक माझी, शंभर टक्के माझी, हवं तर लिहून देतो. बातमी तिथूनच फोन करून काढायला लावली. दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आणला, माझ्या नावासकट. मॅनेजरनं मात्र त्या संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, हसला.

"नाही सर, तुम्ही लिहिलं ते बरोबरच होतं."

आठ दिवसांनी मल्लेशमला पत्र मिळालं. हुकूम मोडून उत्पादन बंद ठेवलं म्हणून कामावरून दूर, चौकशी होईपर्यंत. आरोपाला पुरावा म्हणून एक कागद जोडला होता. माझी बातमी. तिच्यातला 'जबाबदार माणूस' म्हणजे मल्लेशम, असं मॅनेजरनं धरलं होतं. जो माणूस माझ्यासाठी जवळजवळ तीन तास स्टुलावरून हलला नाही, तो दिवसभर बेपत्ता होता असं मीच लिहून दिलं होतं, मथळ्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बातमीवर कोणीतरी तत्काळ कारवाई केली.

मल्लेशमच्या घरी गेलो होतो. त्यानं चहा पाजला. मी माफी मागितली तर म्हणाला, जाने देव साब, आप अंदर नै थे, वोच बहोत है. त्याची बायको दारात उभी होती. ती माझा कप उचलून आत गेली.

पत्र्याची ती खोली आता बंद आहे. तिथं खोकी ठेवलीत. पुन्हा उत्पादन अडू नये म्हणून सगळ्या कुलपांच्या चाव्या मॅनेजरच्या केबिनमध्ये एका खिळ्याला लावल्या आहेत. त्यानंतर मिक्सर दोनदा उघडला गेला. दोन्ही वेळा आत ज्यांचे हात होते, त्यांच्या खिशात चावी होती का, हे मी कारखान्याला, त्यांच्या मुख्य कार्यालयाला आणि सरकारी खात्याला लेखी विचारलं आहे. तिन्ही पत्रांची पोच आली आहे. उत्तर कोणीही दिलेलं नाही.